दिराला टीबी निघालाय, तीन वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी जाऊ का?

चांदणी_अमळनेर | ७ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सासर अमळनेर तालुक्यात. एकत्र कुटुंब, घरात आठ माणसं. धाकट्या दिरांना (वय २६) दिवाळीच्या आधीपासून खोकला होता. आधी म्हणे कापूस वेचणीची धूळ, मग थंडी, मग "सिगारेट सोड म्हणजे जाईल", असं करत दोन-अडीच महिने गेले. मेडिकलमधून तीनदा कफ सिरप आणलं. शेवटी बेडक्यात रक्त दिसलं तेव्हा ग्रामीण रुग्णालयात गेलो. बेडका मशीनवर तपासला. टीबी आहे, पण औषधाला दाद देणारा आहे म्हणाले. वजन ४६ किलो, रोज तीन गोळ्या. सुरू होऊन आज नऊ दिवस झाले.

सासूबाईंनी त्यांचं ताट वेगळं काढलंय. आमच्याकडे प्रत्येकाच्या ताटावर नाव घातलेलं आहे. त्यांच्या नावाचं ताट माळ्यावर गेलं आणि जुनी जर्मलची थाळी खाली आली. ती अंगणात राखेने वेगळी घासायची, कपडे वेगळे उकळायचे, हे काम माझ्याकडे. आणि एवढं सगळं करून भाऊजी झोपतात मात्र त्याच मधल्या खोलीत, जिथे आजेसासू आणि माझी लेक झोपते. कारण बाहेरच्या खोलीवर पत्रा आहे आणि रात्री कडाक्याची थंडी. धाब्याचं घर आहे, मधल्या खोलीला एकच झरोका, त्यातही गोणपाट कोंबलेलं.

लेक तीन वर्षांची, काकाच्या खांद्यावर वाढलेली. महिनाभर पाचोऱ्याला माहेरी जाऊ का? मिस्टर म्हणतात, आत्ता गेलीस तर भावाला वाटेल वहिनी पळाली. काय करू?

---

भरीतप्रेमी | ७ जानेवारी, १०.५२

ताई, थाळी राहू द्या, आधी गोणपाट काढा.

---

साधा_माणूस | ७ जानेवारी, ११.१५

सरळ जा माहेरी. लेकरापुढे दिराचा रुसवा मोठा नाही. आणि सासूबाई करतात ते बरोबरच आहे. संसर्गजन्य रोग आहे, भांडी वेगळी ठेवण्यात काय बिघडलं? आमच्याकडे गल्लीत एकाला झाला तर वर्षभरात त्याच घरातल्या दुसऱ्याला झाला.

---

तापीकाठ | ८ जानेवारी, सकाळी ६.३०

चांदणीताई, बावीस वर्षं क्षयरोग कार्यक्रमात फिरलो, आता निवृत्त. एका मोटारसायकलवर चोपडा, यावल, शिरपूरची किती खेडी पालथी घातली त्याचा हिशेब नाही. तुमच्या घरासारखी घरं शेकड्यांनी पाहिली, म्हणून जरा लांब लिहितो.

टीबी हवेतून जातो. फुफ्फुसाचा रुग्ण खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा बारीक थेंब उडतात. ते बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासात जातात. ताटाने, पेल्याने, कपड्याने, हात हातात घेतल्याने जात नाही. साधा_माणूस विचारतात भांड्यात काय बिघडलं. बिघडतं ते असं, की थाळी राखेने घासली की घराला वाटतं आपली काळजी घेऊन झाली. मग एकाच खोलीत सगळे निजतात.

दुसरं, गोळ्या नियमित सुरू झाल्या की रुग्णाचा संसर्ग झपाट्याने कमी होतो. साध्या टीबीत साधारण दोन आठवडे धरतात. म्हणजे तुमच्या दिरांपासूनचा सगळ्यात मोठा धोका कधी होता? ऑक्टोबर ते डिसेंबर, कफ सिरपच्या दिवसांत. तेव्हा लेक त्यांच्या खांद्यावर होती. आता पाचोऱ्याला नेलंत तरी ते दिवस पाठीमागे लागून येणारच.

म्हणून माहेरचा विचार बाजूला ठेवा आणि उद्याच आशाताईंना गाठा. घरातल्या आठही जणांची तपासणी हवी. लेक पाच वर्षांच्या आतली आहे, तिची सगळ्यात आधी. तिला आजार नाही ना हे बघतात, आणि नसेल तर प्रतिबंधक औषध देतात. तिचं वजन वाढतंय का, अंगणवाडीच्या कार्डावर बघून जा.

आणि हो, आजेसासूंना खोकला आहे का? तुम्ही त्यांच्याबद्दल काहीच लिहिलं नाही.

---

सुरतवाला_भाऊ | ८ जानेवारी, ७.०५

मन्हा मामाले बी हुयनं व्हतं, ताई. लूमवर काम करे तो, एक खोलीमा बारा जण निजेत. सहा महिना गोळ्या खाद्यात, आते बैलनागत राबस. घाबरू नका, फक्त गोळी चुकाडू नका.

---

कापूसकोंड्या | ८ जानेवारी, दुपारी १.२०

गोळी चुकवणाऱ्याचंही ऐका कोणीतरी.

मला २०१४ला झाला. तेव्हा रोज गोळ्या नव्हत्या, आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर जाऊन त्यांच्यासमोर घ्यायच्या. रोजची पद्धत देशभर नंतर आली, २०१७ला. दोन महिन्यांत खोकला गेला, पाच किलो वजन वाढलं, भूक अशी की भाकरी मोजणं बायकोने सोडून दिलं. मला वाटलं झालं काम. त्यात कापसाचा हंगाम. एक खेप चुकली, मग आठवडा चुकला, मग केंद्रावरचा माणूस घरी यायचा तेव्हा मी मागच्या दाराने शेतात.

वर्षाच्या आत परत खोकला. या वेळी तपासलं तर रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधालाच, दाद न देणारा. मग दोन वर्षांचं औषध. सुरुवातीचे कित्येक महिने रोज कमरेत इंजेक्शन, बसता यायचं नाही. एका कानात अजून रातकिडा ओरडतो, हे लिहिताना पण ओरडतोय. आणि मी शेतात लपत होतो त्या महिन्यांत माझ्या आईला लागण झाली. तिला निघाला तोही माझ्यासारखाच, औषधाला न जुमानणारा. आई वाचली. पण ती मला कधी काही बोलली नाही, ते जास्त लागतं.

चांदणी, भाऊजींना दोन महिन्यांनी एकदम बरं वाटेल. तेव्हा लक्ष ठेवा, आत्ता नाही.

---

भरीतप्रेमी | ८ जानेवारी, १.३१

दादा, नमस्कार तुम्हाला. नाव कापूसकोंड्या ठेवलंत पण गोष्ट खरी सांगितलीत.

---

निंबोणी | ८ जानेवारी, रात्री ९.१०

छातीविकाराची डॉक्टर आहे, मूळची धुळ्याची. तापीकाठकाकांच्या म्हणण्याला थोडी पुस्ती.

लागण आणि आजार या दोन गोष्टी आहेत. जंतू शरीरात गेले म्हणजे टीबी झाला असं नाही. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्यांना कोंडून ठेवते, ना खोकला येतो, ना दुसऱ्याला लागण होते. अशा शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्या दोन वर्षांतच. हा हिशेब धडधाकट मोठ्यांचा. पाच वर्षांखालचं मूल, एचआयव्ही असलेली व्यक्ती, शुगर ताब्यात नसलेला माणूस, कुपोषित माणूस, यांचा धोका बराच जास्त. लहान मुलात तो फुफ्फुसात न थांबता मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. दंडावरची बीसीजी लस त्या जीवघेण्या प्रकारापासून चांगलं संरक्षण देते, पण बीसीजी झाली म्हणून तपासणी नको, असं करू नका.

मुलीला आजार नसेल तर सहसा आयसोनियाझिड वजनाप्रमाणे रोज, सहा महिने देतात. मोठ्यांसाठी दुसरा एक पर्याय आहे, आठवड्यातून एकदा, एकूण बारा डोस. कोणता द्यायचा ते तुमच्या केंद्रावर ठरेल.

---

साधा_माणूस | ८ जानेवारी, ९.४०

हेच मला पटत नाही. धडधाकट पोरीला सहा महिने औषध? डॉक्टर, राग नको, पण गरम पडणार नाही का? उद्या खरंच टीबी झाला तर तेच औषध लागू पडेल का?

---

निंबोणी | ८ जानेवारी, १०.०५

राग कशाला, हा प्रश्न दर दुसरा बाप विचारतो. म्हणूनच आधी आजार नाही याची खात्री करतात. आजार असताना एकटं आयसोनियाझिड दिलं तर जंतू त्याला सरावतात, तुमची भीती तिथे खरी आहे. आजार नसताना जंतू इतके थोडे असतात की एक औषध पुरतं. "गरम" म्हणजे लिव्हरवर परिणाम म्हणत असाल तर तो लहान मुलांत क्वचित दिसतो. मूल खायचं बंद झालं, सारख्या उलट्या, डोळे पिवळे, असं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

---

जुनाजाणता | ९ जानेवारी, सकाळी ८.१५

मी ऐंशीच्या घरात. माझ्या चुलत्यांना १९५३ साली मिरजेच्या सॅनेटोरियमला पाठवलं होतं. आम्ही पोरं त्यांना स्टेशनवर लांबूनच हात करत होतो, जवळ जाऊ दिलं नव्हतं. अकरा महिन्यांनी आले, पण घरात त्यांची खाट शेवटपर्यंत ओट्यावरच राहिली. खरं तर ओट्यावरची ती मोकळी हवाच सगळ्यात बरी होती, पण ते कोणाला कळून केलेलं नव्हतं.

नंतर कळलं की १९५६ पासून मद्रासला याच प्रश्नाचा मोठा अभ्यास झाला होता. १९३ गरीब रुग्ण घेतले. अर्ध्यांना औषधासोबत सॅनेटोरियम, चांगलं अन्न, पूर्ण विश्रांती. अर्ध्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात ठेवून तेच औषध. वर्षाअखेर दोन्हीकडे गुण जवळपास सारखाच. आणि त्याहून मोलाचं, पाच वर्षं घरच्यांवर लक्ष ठेवलं, तर घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात आजार जास्त झाला नाही. कारण वर तापीकाठांनी सांगितलं तेच, लागण व्हायची ती औषधाच्या आधीच होऊन गेलेली. त्यानंतर जगभर सॅनेटोरियमं बंद पडत गेली.

माझे काका ओट्यावर वारले, ७१व्या वर्षी, पडून. टीबीचा काही संबंध नव्हता.

---

वैशाख_वणवा | ९ जानेवारी, ११.३०

माझ्या बहिणीला मानेच्या गाठींचा झाला होता. गाठींचा, मणक्याचा वगैरे, फुफ्फुसात नसेल तर दुसऱ्याला सहसा लागत नाही. पण जमलेलं लग्न मोडलं. आखाजीला बोलणी, जेठात सुपारी फोडायची ठरली होती. मुलाकडच्यांना कुठून कळलं देव जाणे. आज ती बरी आहे, शिरपूरला शिक्षिका आहे, दोन मुलं आहेत. त्या स्थळाचा मुलगा परवा लग्नात भेटला, म्हणे "मला काही प्रॉब्लेम नव्हता, घरचे..." मी म्हटलं बासुंदी घ्या.

चांदणी, भाऊजींचं लग्न व्हायचंय ना? मग थाळीची गोष्ट गावात गेली तर काय होईल, हे सासूबाईंना त्या भाषेत समजावून बघा. जंतूंच्या भाषेत नाही समजणार.

---

भरीतप्रेमी | ९ जानेवारी, ११.३८

"मी म्हटलं बासुंदी घ्या." 🙏

बरं, खायचा विषय निघालाच आहे तर रुग्णाला काय द्यावं? आमच्याकडे शेळीचं दूध आणि कळण्याची भाकरी म्हणतात. शेवभाजी बंद का? मी माझ्यासाठी विचारत नाहीये.

---

पावरी | ९ जानेवारी, रात्री ८.५०

धडगावकडे आश्रमशाळेत शिकवते. विनोद चालू द्या, पण खाण्याचा विषय हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडे निम्मं दुखणं तिथेच आहे. झारखंडमधला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या घरच्यांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, वर जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत हे धान्य गेलं तिथे घरच्यांना टीबी होण्याचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी कमी. रोज दोन वेळ पोटभर, बास.

पथ्य वगैरे काही नाही, सगळं खाऊ द्या, शेवभाजीसुद्धा. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध असेल ते. बंद करायची ती दारू, मोहाची असो की दुकानातली, या गोळ्यांवर ती लिव्हरला महागात पडते. टीबी रुग्णाच्या खाण्यासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे पैसे आता महिन्याला १,००० रुपये आहेत, २०२४च्या नोव्हेंबरपासून, आधी ५०० होते. रुग्णाच्या बँक खात्यात येतात, म्हणून पासबुक आणि आधार देऊन ठेवा.

आमची अडचण वेगळी. दिवाळी झाली की अख्खे पाडे ऊसतोडीला गुजरातेत. गोळ्या चालू असलेला माणूस निघून जातो, मग कळतं. आता निक्षयचा, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा, नंबर घेऊन गेला तर तिकडच्या दवाखान्यातही पुढचं औषध मिळतं. मी मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर बापाचा नंबर लिहून देते. कागद हरवतो, वही सहसा हरवत नाही.

---

चांदणी_अमळनेर | १० जानेवारी, रात्री ११.००

सगळ्यांचे मनापासून आभार. माहेरी जात नाहीये.

गोणपाट काढलं. मिस्टरांनी बाहेरच्या खोलीला पत्र्याखाली ताडपत्री आणि चटई ठोकली, भाऊजींची बाज तिकडे गेली, खिडकी उघडी. ते तोंडाला रुमाल बांधतात, बेडका झाकणाच्या डब्यात. कपडे उकळणं बंद केलं. थाळी मात्र अजून तीच. वैशाखताई, लग्नाचं बोलून पाहिलं, सासूबाई गप्प झाल्या, एवढंच.

एक घाबरायला झालं. परवा भाऊजी बाथरूममधून ओरडत आले, लघवी लाल झाली म्हणून. आधीही होत होती, पण लाजेने बोलले नव्हते. आशाताई म्हणाल्या गोळीचा रंग आहे.

आणि तापीकाठकाका, आजेसासूंना खोकला आहेच. वर्षानुवर्षं आहे. चुलीच्या धुराचा दमा म्हणतो आम्ही.

---

तापीकाठ | ११ जानेवारी, ६.१०

बेडका तपासा. उद्या नको, आज.

---

निंबोणी | ११ जानेवारी, ७.४५

काकांशी सहमत. म्हाताऱ्या माणसाचा जुना खोकला घरात कोणाला ऐकूच येत नाही, घड्याळाच्या टिकटिकीसारखा.

लघवीबद्दल: रिफाम्पिसिनने नारिंगी-लाल होते, घामालाही रंग येतो, काळजी नाही. पण काळ्या चहासारखी गडद, सोबत डोळे पिवळे किंवा सारख्या उलट्या, तर ताबडतोब दवाखाना. नजर धूसर वाटली, लाल-हिरवा ओळखण्यात गडबड झाली, तरी कळवायचं, ते यातल्याच इथॅम्ब्युटॉल या औषधामुळे असू शकतं. घरात गर्भनिरोधक गोळ्या घेणारी कोणी रिफाम्पिसिनवर गेलीच तर डॉक्टरांना सांगा, त्या गोळ्यांचा असर कमी होतो.

---

भरीतप्रेमी | ११ जानेवारी, ८.००

लाल लघवीमुळे एक फायदा, गोळी घेतली की नाही हे आईला न विचारता कळतं.

---

कापूसकोंड्या | ११ जानेवारी, ८.२०

माझ्या आईला कळलं होतं.

---

साधा_माणूस | ११ जानेवारी, रात्री ९.००

मी गल्लीतल्या ज्या घराचं लिहिलं होतं तिथे आज जाऊन आलो. दुसऱ्याला झाला तो पुतण्या, पहिल्याच्या औषधाआधी दोघं एकाच खोलीत अभ्यासाला-झोपायला. भांडी पहिल्यापासून वेगळीच होती. लिहून ठेवतो.

---

चांदणी_अमळनेर | १६ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

उशीर झाला सांगायला, घरात धावपळ होती.

आजेसासूंचा बेडका पॉझिटिव्ह आला. डॉक्टर म्हणाले कोणाकडून कोणाला हे नक्की सांगता येणार नाही, पण त्यांचा आजार जुना दिसतोय, एक्स-रेवरून. म्हणजे आम्ही भाऊजींची थाळी राखेने घासत होतो, आणि लेक रोज रात्री पणजीच्या कुशीत झोपत होती.

लेकीचा एक्स-रे स्वच्छ, वजन १२ किलो. तिची रोजची गोळी सुरू होऊन महिना होत आला. पाण्यात विरघळते, चमच्याने देते. पहिले दोन दिवस थुंकली, आता "काकाची गोळी, माझी गोळी" म्हणत स्वतः आठवण करते. बाकी पाचही जणांची तपासणी झाली, आजार कोणाला नाही. त्यांच्या प्रतिबंधक गोळ्यांचं केंद्रावर ठरतंय. भाऊजींचं वजन ४९ झालंय आणि परवा पहिल्यांदा म्हणाले, "आता बरं वाटतंय, अजून किती दिवस?" कापूसकोंड्यादादा, तुमची पोस्ट त्यांना वाचायला दिली. काही बोलले नाहीत, पण गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवलीये.

आणि थाळी. आजेसासूंचं निघालं त्या संध्याकाळी सासूबाईंनी त्यांच्यासाठीही एक जर्मलची थाळी शोधून काढली. म्हातारीने ती पायाने सरकवली आणि आपलं नेहमीचं ताट पुढ्यात ओढलं. "हाई ताट मन्हा रुखवतमानं शे. मी यामाच जेवसू." सासूबाई काय बोलणार, सासूच ती त्यांची. दुसऱ्या दिवशी भाऊजींचं ताटही माळ्यावरून खाली आलं, मी काही विचारलं नाही.

आजेसासूंना गोळ्यांनी मळमळतं, सकाळी काही जात नाही. काय द्यावं?

---

पावरी | १६ फेब्रुवारी, ४.१०

केंद्रावर सांगा, ते गोळीची वेळ बदलून देतील किंवा थोडं खाऊन घ्यायला सांगतील, पण तुकड्यातुकड्याने देऊ नका. ज्वारीची पातळ आंबील देऊन बघा. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तीच चालते.

---

भरीतप्रेमी | १६ फेब्रुवारी, ४.१८

आणि जर्मलच्या दोन थाळ्यांचं काय केलं?

---

चांदणी_अमळनेर | १६ फेब्रुवारी, ४.२५

एकीत कोंबड्या पाणी पितात. दुसरी लेकीने भातुकलीला घेतली.